पाथरवलीचे युद्धकैदी

पोशा निरगुडा त्या दिवशी दुपारपर्यंत नऊ वेळा मेला. त्याचा जोडीदार दशरथ सातच वेळा मेला, कारण दोनदा त्याला मेल्यावर खाज सुटली आणि दिग्दर्शकाने ते मरण धरलं नाही.

कशेळ्याच्या अलीकडे नदीकाठच्या माळावर एका वेबसिरीजचं शूटिंग चाललं होतं. लढाईचं. आपले सैनिक मुंबईहून आणलेले, उंच, गोरेगोमटे. शत्रूला मात्र उन्हात पळता यायला हवं, दगडांवर धाडकन पडता यायला हवं आणि पडल्यावर कुरकुर करता कामा नये, म्हणून शत्रू आसपासच्या ठाकूर आदिवासींच्या वाड्यांमधून घेतला होता. साठ माणसं. प्रत्येकाला एक नंबर, हिरवट गणवेश, बूट, डिंकाने चिकटवलेली दाढी आणि छातीवर लाल पाकाचा डाग. डागावर माश्या बसत. मेलेल्याने माशी हाकलायची नाही, हा तिथला पहिला नियम.

जेवायची सुट्टी झाली. बंदुका मोजून परत घेतल्या. आधी आपलं सैन्य जेवलं, मग लाईटवाले, मग माथेरानहून आणलेल्या घोड्यांना चंदी मिळाली. शत्रूची पाळी आली तेव्हा टोपाच्या तळाला करपलेला भात आणि डाळीचं पाणी तेवढं उरलं होतं.

पोशाने पत्रावळीकडे बघितलं, मग सूर्याकडे बघितलं. संध्याकाळी बेहडेवाडीत त्याच्या भाचीची, भागीची, हळद होती. मामा नसेल तर तिच्या अंगाला कोण पहिली हळद लावणार? शूटिंगवाले मात्र म्हणत होते, अजून चार वेळा मरायचंय.

"दश्या, मी आता मरणार नाय," पोशा म्हणाला.

"कपडे?"

त्यांचे घरचे कपडे ठेवलेला टेंपो कर्जतला गेला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आहेत त्याच वेशात करवंदीच्या जाळीआडून सटकले. पाथरवली गावातून आडवी वाट धरली की बेहडेवाडी तासाभरावर.

अडचण एवढीच होती, की त्याच आठवड्यात सीमेवर खरीखुरी लढाई पेटली होती.

पाथरवलीपासून भिवपुरीचं पॉवर हाऊस जवळ. त्यामुळे शत्रूचा पहिला डोळा मुंबईवर असला तरी दुसरा आपल्याच गावावर आहे, अशी गावाची पक्की समजूत झाली होती. गावाने आपणहून एक संरक्षण समिती काढली. तिचे प्रमुख निवृत्त हवालदार जगदीश कराळे. सतरा वर्षं फौजेत होते, पण सगळी सतरा वर्षं पुरवठ्याच्या डेपोत. आटा, तूप, मोजे, बूट. शत्रू त्यांनी कधी पाहिला नव्हता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत त्यांना कुणी 'हवालदार, काय करू?' असं विचारलं नव्हतं. बायको नंदा शेत बघायची, बोरिंग बघायची, मजूर बघायची. हवालदार सकाळी पेपर बघायचे आणि दुपारी तोच पुन्हा बघायचे.

म्हणून त्या दुपारी जेव्हा शेअर जीपवाला पदू धापा टाकत अंगणात आला आणि ओरडला, "हवालदार, दोन पाकिस्तानी तुमच्या बोरिंगवर पाणी पितायत! काय करू?" तेव्हा हवालदार कराळे खुर्चीतून असे उठले, की नंदाच्या हातातलं सूप खाली पडलं.

गळ्यात शिट्टी, हातात गुरं हाकायची काठी. बोरिंगपाशी जाऊन हवालदार गरजले, "हँड्स अप!"

दशरथचे हात आपोआप वर गेले. तीन दिवस त्याच्याकडून तेच करून घेतलं होतं. तो गुडघ्यांवर बसला, मान खाली घातली आणि थरथरला सुद्धा. पोशानेही सवयीने तसंच केलं. इतकी सुबक शरणागती हवालदारांनी प्रशिक्षणातही बघितली नव्हती.

पदूने बांबू उचलला. "दोन ठेवून देऊ का?"

"खबरदार! कैद्याला हात लावायचा नाय. जिनिव्हाचा करार हाय."

"कुणाचा?"

"तू मागं हो. आणि फोन खिशात ठेव. कैद्याचा फोटो काढायचा नाय. ते बी करारात हाय."

पोशा तेवढ्यात तोंड उघडणार होता. 'हवालदार, मी पोशा, बेहडेवाडीचा,' एवढंच तर म्हणायचं होतं. पंधरा वर्षं तो यांच्या शेतावर लावणीला येत होता. पदूच्या जीपने दर आठवड्याला बाजाराला जात होता, तेही टपावर बसून, कारण वाडीच्या माणसाला पदू आत घ्यायचा नाही. दाढीआड का होईना, आता ओळखतील, असं त्याला वाटलं.

पण हवालदार म्हणाले, "आप चलिए. आराम से."

आप! पोशाने मागे वळून बघितलं, आणखी कुणी आलंय का म्हणून.

अंगणात दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. या अंगणात पोशा पंधरा वर्षं पायरीखालच्या दगडावर बसत आला होता. आता हवालदार स्वतः खुर्चीवरची धूळ झटकत म्हणाले, "बैठिए." पोशा बसला. पाठ टेकली. आणि एकदा पाठ टेकल्यावर त्याला खरं सांगायची घाई उरली नाही.

तो दशरथला वाडीच्या बोलीत, भराभर, ओठ न हलवता म्हणाला की गप बस, आधी चहा तर येऊ दे.

"ऐकलं?" पदू किंचाळला. "कोड लँग्वेज!"

जमलेली पंधरावीस माणसं एक पाऊल मागे सरली. बेहडेवाडी तिथून चार किलोमीटरवर होती. पण वाडीचे लोक गावात येत तेव्हा गावासारखं बोलत, आणि त्यांच्या घरी जाऊन ते आपसात कसं बोलतात, हे ऐकायला पाथरवलीतलं कुणी कधी गेलं नव्हतं.

हवालदारांनी मुलीची कॉलेजची कोरी वही मागवली, समास आखला आणि चौकशी सुरू केली.

"नाम?"

पोशा विचारात पडला. खोटं बोलायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. "वहाँ नाम नहीं है, साब. नंबर है. ग्यारह. ये बारह."

गर्दीत कुजबुज झाली. नाव सांगायला बंदी असते, असं हवालदारांनी समजावलं आणि लिहून घेतलं.

"यहाँ कैसे आये?"

"भाग के आया."

"क्यों?"

"सुबह से नौ बार मारा."

"किसने?"

"हमारे बडे साब ने. बोलता है, ठीक से मरो. फिर से मरो."

हवालदारांची लेखणी थांबली. स्वतःच्या जवानांना कुणी असं छळतं? "खाना?"

"पहले घोडे को दिया," पोशा म्हणाला. हे सांगताना त्याला सोंग करावं लागलं नाही. "हमको टोप खरवड के."

एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. "लेकरं उपाशी ठेवून लढायला लावतात मेले."

"कुल कितने आदमी थे?"

"साठ. चालीस मर गये."

"कब?"

"खाने के पहले."

"और बाकी बीस?"

"वो चार बजे मरेंगे," दशरथ मदत करायला म्हणून बोलला. "चालीसवाले अभी हात धो रहे..."

पोशाने त्याच्या पायावर बूट दाबला. सुदैवाने हवालदार तेव्हा दुसरी गोष्ट बघत होते. ते वाकले आणि पोशाचा बूट दोन्ही हातांनी चाचपू लागले. बूट हा त्यांचा विषय होता.

"तळ पातळ. शिवण कच्ची. चामडं तर नायच, रेक्झीन हाय." ते सरळ झाले आणि गंभीरपणे गर्दीला म्हणाले, "शत्रूचा पुरवठा कोसळलाय. ही लढाई आठवडाभर बी टिकायची नाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पदूचं समाधान झालं नव्हतं.

"पळून आलेत ते खरं कशावरून? असं रडगाणं गात आत घुसायचं आणि सगळी माहिती काढायची, ही हेरांची जुनी रीत हाय. थांबा, मी विचारतो." तो पोशासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "पॉवर हाऊस किधर है? बोल!"

पोशाने मान न वळवता बोटाने दिशा दाखवली. अचूक.

"और पहाड से पाईप कैसा आता है, वो भी बताऊं?" दशरथने विचारलं.

पदूच्या चेहऱ्यावर विजय झळकला. हवालदारांच्या कपाळावर मात्र आठी पडली. फरारी असेल तर दया दाखवायची, हेर असेल तर वेगळं कलम लागतं, आणि डेपोत दोन्हींबद्दल काही शिकवलं नव्हतं. त्यांनी पोलिसांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, गाडी बंदोबस्ताला गेलीय, बसवून ठेवा, बघतो.

"तोवर हातपाय धुवायला द्या," हवालदार म्हणाले. "नंदा, पाणी आण."

नंदा तांब्या-बादली घेऊन आली. पोशाने बूट काढले, विजार वर केली आणि पाय पुढे केला. त्याच्या डाव्या नडगीवर विळ्याचा एक लांब, वाकडा व्रण होता. नंदाचा पाण्याचा हात थबकला. गेल्या वर्षी लावणीच्या वेळी चिखलात घसरून पडताना विळा लागून ती जखम झाली होती, आणि त्यात हळद दाबून आपल्याच साडीची पट्टी बांधणारी नंदाच होती.

तिने वर बघितलं. दाढी, मिशी, लाल डाग, आणि त्यांच्यामधून केविलवाणे होत चाललेले दोन ओळखीचे डोळे.

नंदाने बादली खाली ठेवली, पदर तोंडाशी धरला आणि घाईने आत गेली.

"घाबरली," हवालदार म्हणाले.

स्वयंपाकघरात नंदा ओट्याला धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, बोंबील-बटाट्याचं कालवण गरम केलं, दोन हापूस कापले आणि पाहुण्यांची स्टीलची ताटं काढली. कैद्यांना ओटीवर, बाकीच्यांपासून लांब जेवायला बसवलं. वाढायला ती एकटीच होती.

"पोशा," ती वाकून हळूच म्हणाली, "कालवण घेणार आणखी?"

पोशाला ठसका लागला. "वहिनी, मी सांगणारच होतो..."

"गप. आधी गिळ. हे सोंग कसलं रं?"

पोशाने चार घासांमध्ये सगळं सांगितलं. शूटिंग, घोडे, करपलेला भात, भागीची हळद. "हवालदारांनी खुर्ची दिली, वहिनी. मला वाटलं, एक चहा होऊ दे. मग ते लिहायलाच बसले. आता सांगितलं तर पदू मारंल."

नंदाने अंगणाकडे बघितलं. हवालदार पाठ ताठ करून फेऱ्या मारत होते. कुणाला पाणी आणायला सांगत होते, कुणाला फाटकावर उभं करत होते. लोक विचारत होते, ते सांगत होते. दोन वर्षांत त्यांचा असा आवाज घरात निघाला नव्हता.

"हळद किती वाजता?"

"उन्हं उतरली की."

"मग अजून थोडा वेळ शत्रूच ऱ्हा," नंदा म्हणाली. "मी बघते."

ती हात पुसत अंगणात गेली आणि नवऱ्याला बाजूला घेऊन चिंतेच्या सुरात म्हणाली, "अहो, मला बाई यातलं काय कळत नाय. पण पदूनं आणखी पोरं बोलावलीत म्हणं. उद्या कैद्यांना काय झालं तर जबाब तुमाला द्यावा लागंल. यांना वर बेहडेवाडीत नेलं तर? तिथं एकच वाट, सगळीकडून दिसणारी. आणि वाडीची माणसं मुकाट्यानं राखण करतील."

हवालदारांनी हनुवटी चोळली. कैद्यांना आघाडीपासून मागे हलवायचं असतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "मी तेच म्हणणार होतो," ते म्हणाले.

जीप अर्थात पदूचीच. तो आधी तयार नव्हता, पण देशाचा प्रश्न आहे म्हटल्यावर 'देशासाठी कायपण' म्हणत त्याने किल्ली काढली. कैद्यांना मागे बसवलं तर उडी मारतील, म्हणून हवालदारांनी दोघांना पुढच्या सीटवर घ्यायला लावलं. पोशा खिडकीशी बसला, काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. गेली कित्येक वर्षं त्याने हा रस्ता टपावरून, फांद्या चुकवत बघितला होता. बसून बघायला बरा होता.

"जरा धीरे," तो पदूला म्हणाला. "आगे खड्डा है."

"तुला रे काय माहीत?" पदू गुरगुरला, आणि जीप खड्ड्यात आदळली.

मागे हवालदार आणि राखणीला पदूचा भाऊ बसले होते; नंदाही चढली होती, हातात खणाची पिशवी घेऊन. "हे कशाला?" हवालदारांनी विचारलं. "वाडीत रिकाम्या हाती कसं जायचं?" ती म्हणाली, आणि ते त्यांना पटलं.

बेहडेवाडीत मांडव घातला होता. पाटावर भागी बसली होती, समोर वाटलेली हळद, आणि सगळी वाडी मामाची वाट बघत खोळंबली होती. जीप थांबली. हिरवे गणवेश उतरले. ओळखायला वाडीतल्या कुणालाही एक क्षणही लागला नाही.

"आला बघा मामा!" भागीची आई ओरडली. "आणि हा काय अवतार? रक्त कसलं?"

"पाक हाय, पाक!" पोशाने दाढी ओढली. अर्धी हातात आली. "ताई, आधी हळद दे."

पदू पोशाकडे बघत राहिला. मग दशरथकडे. मग पुन्हा पोशाकडे. "हा... हा तर आपला..." पण पुढचं नाव त्याला आठवेना. कारण दर आठवड्याला भाडं घेताना त्याने ते कधी विचारलं नव्हतं.

हवालदार कराळे जीपला धरून उभे होते. हातात वही होती. मांडवातली शंभर माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि अजून कुणी हसलं नव्हतं, हेच वाईट होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पोलीस. गाडी मोकळी झालीय, कैदी कुठे आहेत?

"साहेब," हवालदार म्हणाले, "तपास पूर्ण झाला. माणसं आपलीच निघाली. गाडी नको." त्यांनी फोन ठेवला. मग ते पोशासमोर जाऊन उभे राहिले. पोशा हळदीच्या हातांनी, अर्ध्या दाढीनिशी, खाली मान घालून उभा राहिला.

"वहीत किती खोटं लिहवून घेतलंस?"

"एक बी नाय, हवालदार. देवाशप्पथ. बघा वाचून."

हवालदारांनी खरंच वही उघडली. अंगठा फिरवत एकेक ओळ वाचली. नौ बार मारा. पहले घोडे को दिया. चालीस मर गये. चौथ्या ओळीला त्यांची मिशी हलली. सातव्या ओळीला त्यांनी तोंडावर वही धरली. वहीमागून जो आवाज आला, तो खोकलाच होता, असं ते नंतरही कायम सांगत राहिले.

मांडव हसायला लागणार तोच खालून आणखी एक गाडी धूळ उडवत आली. त्यातून गळ्यात वॉकीटॉकी अडकवलेली एक तरुण मुलगी उतरली. शूटिंगची सहायक, हर्षला, हजेरीच्या यादीतला पत्ता शोधत आलेली. उन्हाने लाल झालेली, रडवेली.

"अकरा आणि बारा! अहो, तुम्ही जिवंत कसे काय फिरताय? सकाळच्या शॉटमध्ये तुम्ही दोघं पुलाखाली पडलेले आहात. आता पूल आहे, पण खाली कोणीच नाही! सूर्य जायच्या आत मला दोन मेलेले हवेत. चला."

पोशाने भागीकडे बघितलं. हवालदार पुढे झाले.

"हे दोघं माझ्या ताब्यात हायत," ते म्हणाले. आवाज पुन्हा तोच, अंगणातला. "त्यांच्या तक्रारीची नोंद झालेली हाय. माणसांच्या आधी घोड्यांना जेवण दिलंत, खरं का खोटं?"

हर्षला वरमली. "ते... ते मला माहीत नव्हतं. उद्या मी स्वतः बघते, सगळे एकत्र जेवतील. पण आत्ता दोन माणसं कुठून आणू? तोंड दिसत नाही हो, पालथे पडलेत. फक्त गणवेश हवा."

हवालदारांनी वळून पदूकडे बघितलं.

"मी?" पदू म्हणाला.

"देशासाठी कायपण, म्हणालास ना दुपारी?"

"पण शत्रूचे कपडे घालून..."

"आडदांड हायस, शोभशील. दुसरा तुझा भाऊ."

पाच मिनिटांत पोशा आणि दशरथ कुणाच्या तरी बंड्या-धोतरात आले, आणि पदू आणि त्याचा भाऊ हिरव्या गणवेशांत हर्षलाच्या गाडीत बसले. त्यांच्या मागोमाग पदूची जीप चालवत हर्षलाबरोबर आलेला एक लाईटवाला निघाला. जाताना दशरथने खिडकीशी जाऊन पदूला मनापासून सल्ला दिला, "दादा, खाज सुटली तरी हलायचं नाय. नायतर परत मरायला लागतं."

हळद लागली. ढोल वाजले. हवालदारांना मांडवात मानाने बसवलं, नंदाने भागीची ओटी भरली, आणि दोघं निघाली तेव्हा अंधार पडायला अजून अवकाश होता. जीप नव्हती, म्हणून पायवाटेने. हवालदार पुढे, नंदा मागे. अर्धी वाट सरली.

"तुला कधी कळलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पाय धुतले तेव्हा."

"म्हणजे जेवायच्या आधी."

"हो."

"आणि तू मला जीपमधून इथवर आणलंस. कैद्यांना राखायला."

हवालदार थांबले, वळले. नंदा पदराने घाम पुसत होती, निदान तसं दाखवत होती.

"सांगायचं होतंस गं."

"सांगणार होते. दोनदा उंबऱ्यापर्यंत आले," ती म्हणाली. "पण तुमी फाटकावर माणसं उभी करत होता. इतके चांगले दिसत होता. मला काय धाडस झालं नाय."

हवालदारांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी घसा साफ केला, पुढे बघितलं आणि वाटेतला एक दगड काठीने उगाच बाजूला केला.

"शेताच्या कडेनं जाऊ," ते म्हणाले. "बोरिंगचा पाईप गळतोय, दुपारी बघितला मी. उद्या मी लावतो तो."

"तुमी?"

"मग काय. बूट मी आयुष्यभर तपासले, पाईप काय अवघड हाय?"

"बरं, हवालदार," नंदा म्हणाली, आणि झपाझप त्यांच्या बरोबरीने चालू लागली.